शेऱ्याचा रकाना

आठ वाजून दहा मिनिटांनी पाळणाघराचा फोन :
कांजिण्यांचे फोड सुकेपर्यंत आणू नका, नियम आहे.
आहेच. माझ्याकडेही एक आहे,
मीच सही केलेला, कलम चार :
घरून काम म्हणजे मूल सांभाळायची सोय नव्हे.

सारंग सहालाच गेला, संडरलंडच्या इस्पितळात
लोकांच्या हाडांचे फोटो काढायला.
नऊला माझा ठिपका हिरवा झाला.

गेट्सहेड. नोव्हेंबर.
टाइनवरचा वारा दारातल्या पत्रफटीचं झाकण वाजवतो,
आत कोणी आहे का, विचारल्यासारखा.
रेडिएटरवर पायमोजे.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर
ब्रिटिश सरकारचा एक कोपरा :
लॅपटॉप, हेडफोन, मेतकूट-भाताची वाटी,
कॅलामाइनची गुलाबी बाटली, झाकण हरवलेली.

माझं काम बालभत्त्याचे अर्ज तपासायचं.
मूल तुमच्यासोबत राहतं का?
आठवड्यातले किती दिवस?
जबाबदारी मुख्यत्वे कोणाची?
टेबलाखाली कैरव, माझ्या पायांत पाय अडकवून
खाजवू नको म्हटलं तिथेच खाजवतोय.

साडेदहाला बैठक.
मॉरीन चांगली आहे. खरंच चांगली आहे.
तिची मांजर शेपटी उभारून कॅमेऱ्यासमोरून जाते
तेव्हा सगळे हसतात, लाडाने नाव घेतात.
मांजराला कलम नाही.
मी माझ्या मागची भिंत धूसर करून ठेवलीय,
त्या धूसरात एक बुटका डाग
हलतो, थांबतो, पुन्हा हलतो.
"मागे कोणी आहे का गं?" मॉरीनने विचारलं.
"धुणं वाळत घातलंय," मी म्हणाले.
आणि धुण्याने हाक मारली :
आई, शी झाली.

कोणी काही बोललं नाही. डेरेक खोकला.
माझा आवाज बंद होता.
होता ना? असणार.

दोन ते तीन तो मांडीवर झोपला.
दोघंही तापलेले, तो आणि लॅपटॉप.
मी उजव्या हाताने
ग्रिम्सबीच्या एका बाईची जुळी तपासत होते.
जन्मतारखा जुळल्या, पत्ता जुळला,
बाईच्या सहीचं शेवटचं अक्षर कागदाबाहेर घसरलेलं,
तिच्याही मांडीवर कोणी असेल, एक किंवा दोघं.
मंजूर केलं.
पाण्याच्या पेल्याकडे हात नेला तेवढ्यात
कैरवने डोळे उघडले,
समोर जे दिसलं त्यावर बोट ठेवलं
आणि उचललं नाही.

मी पुसलं.
पुसलं असं मला वाटलं.

चारला बाहेर अंधार, पाचला ठिपका राखाडी.
उठले तर डावा पाय माझा नव्हता.
साडेसातला, तो झोपल्यावर, पुन्हा हिरवा,
उरलेले नऊ अर्ज. त्याबद्दल कुठे कलम नाही.

मार्चमध्ये तपासणीवाल्यांचं पत्र आलं, फार सभ्य :
सदर प्रकरणी शेऱ्याच्या रकान्यात
'जे' हे अक्षर सलग एकशे बारा वेळा आढळते.
खुलासा करावा.
नोंद पुसता येत नाही,
खाली दुरुस्ती जोडता येते.

जे. त्याच्या नावातही नसलेलं.
अजून त्याला पेन्सिल धरता येत नाही
आणि सरकारदप्तरी त्याचं लिखाण आहे,
माझ्या नावावर.

आधी ग्रिम्सबीचे पैसे वेळेवर गेले होते का ते पाहिलं.
गेले होते. पुन्हा एकदा पाहिलं.
मग लिहिलं : टंकदोष.
त्याच्या भुवईवर एक व्रण राहिलाय, मसुराएवढा,
तिथे जाऊन तो अजून खाजवतो, सवयीने.

पत्र मॉरीनकडूनच पुढे आलं होतं.
वर तिने एकच ओळ टाकलेली,
मी ती शेवटी वाचली :
धुणं वाळलं का?

मी बराच वेळ कशालाच हात लावला नाही.
ठिपका पिवळा झाला.